दहावीच्या अभ्यासासाठी माइंड मॅप: पुस्तक मिटा, मग काढा

माइंड मॅप म्हटलं की निम्मी मुलं आधी स्केचपेनचा डबा उघडतात. तासाभरात कागदावर रंगीत फांद्या, पानं, कडेला नक्षी, सगळं झकास तयार होतं. घरचे फोटो काढून ग्रुपवर टाकतात. दुसऱ्या दिवशी त्याच धड्यावर चार प्रश्न विचारले तर दोनाची उत्तरं येत नाहीत. पद्धत वाईट नाही, वापरण्याची वेळ चुकते. पुस्तक समोर उघडं ठेवून काढलेला माइंड मॅप म्हणजे सजवून केलेली नक्कल. पुस्तक मिटून काढला तर तोच अभ्यास होतो. या लेखात तेवढंच सांगायचं आहे: आधी धड्यासाठी, मग मराठीच्या निबंधासाठी. उदाहरणं राज्य मंडळाच्या दहावीची घेतली आहेत, पण आठवी-नववीलाही हेच चालतं.

ज्यांनी कधीच काढला नाही त्यांच्यासाठी: कागदाच्या मधोमध विषय लिहायचा, त्यातून चार-सहा जाड फांद्या काढायच्या, प्रत्येक फांदीला बारीक उपफांद्या फोडायच्या आणि त्यांच्यावर पूर्ण वाक्य न लिहिता दोन-तीन शब्द लिहायचे. १९७०च्या दशकात टोनी बुझान या ब्रिटिश लेखकाने बीबीसीवरच्या कार्यक्रमातून ही पद्धत लोकप्रिय केली. तुम्हाला ती अगदीच नवी नाही. मराठीच्या कृतिपत्रिकेत 'आकृतिबंध पूर्ण करा' असतं, इतिहासात 'संकल्पनाचित्र पूर्ण करा' असतं. तिथे चौकटी दुसऱ्याने आखलेल्या असतात आणि तुम्ही फक्त भरता. इथे चौकटी कुठे आणि किती, हेही तुम्हीच ठरवायचं.

पुस्तक मिटण्यावर एवढा भर का, याला आधार आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांचा एक प्रयोग २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा समोर ठेवून संकल्पनाचित्र काढलं. दुसऱ्या गटाने उतारा वाचला, बाजूला ठेवला, आठवेल ते लिहून काढलं, पुन्हा वाचलं, पुन्हा लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तर आठवून लिहिणारे पुढे होते. चाचणी म्हणून संकल्पनाचित्रच काढायला सांगितलं तेव्हाही तेच पुढे. तेव्हा आपण दोन्ही एकत्र करायचं: चित्र काढायचं, पण आठवून.

साहित्य

पाठकोरे कागद, एक निळं पेन, एक लाल पेन. बस. कागद आडवा धरा, फांद्यांना जागा मिळते. मोबाइलवर याची ॲप्स आहेत, पण परीक्षा कागदावर आहे आणि ॲपमध्ये फांदीचा रंग निवडण्यात अर्धा तास जातो. वही नको, सुटे कागदच बरे, कारण एकाच धड्याचा मॅप तुम्ही चारदा काढणार आहात आणि ते शेजारी-शेजारी ठेवून बघायचे आहेत.

धड्याचा मॅप

दहावीच्या इतिहासातला प्रसारमाध्यमांचा धडा घेऊ. पूर्ण धडा एका कागदावर कोंबू नका. वर्तमानपत्रं, आकाशवाणी, दूरदर्शन असे तुकडे पाडा आणि एका वेळी एकच घ्या. आपण 'मराठी वृत्तपत्रे' घेऊ.

पहिली पायरी: तेवढा भाग एकदा नीट वाचा. हातात पेन नको, खुणा नकोत. पाच-सात मिनिटं पुरतात.

दुसरी पायरी: पुस्तक मिटा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा. शेजारी असलं की हात जातोच.

तिसरी पायरी: निळ्या पेनने मधे 'वृत्तपत्रे' लिहा आणि फांद्या काढा. इथे मुलं धड्यातली उपशीर्षकं आठवायला लागतात. त्याऐवजी प्रश्न विचारा: सुरुवात कुणी केली? समाजसुधारणेसाठी काय झालं? राजकीय जागृती कशी झाली? इतिहास लिहिताना वृत्तपत्राचा उपयोग काय? चार प्रश्न, चार फांद्या. आता उपफांद्या. 'सुरुवात'वर: दर्पण, ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर, मराठी आणि इंग्रजी. 'समाजसुधारणा'वर: प्रभाकर, भाऊ महाजन, लोकहितवादींची शतपत्रे. तिथेच दीनबंधु, १८७७, कृष्णराव भालेकर, बहुजनांचे प्रश्न. 'राजकीय'वर: केसरी आणि मराठा, १८८१, टिळक-आगरकर.

फांदीवर नुसतं नाव लिहू नका. 'दीनबंधु' एवढंच लिहिलं तर आठवड्याने ते निव्वळ नाव उरतं. 'दीनबंधु – बहुजनांचे प्रश्न' लिहिलं की त्यातून उत्तर निघतं. इंग्रजी पुस्तकांत एका फांदीवर एकच शब्द असा नियम सांगतात. तो इतका कडक पाळायचं कारण नाही. नाव आणि काम, असे दोन-तीन शब्द असू द्या.

चौथी पायरी: अडलात तर फांदी रिकामी ठेवून प्रश्नचिन्ह टाका. 'प्रभाकर कधी निघालं?' आठवत नाही. ठीक आहे, प्रश्नचिन्ह. एक-दोन मिनिटं थांबा. डोकं खाजवण्याची ही दोन मिनिटं कंटाळवाणी असतात आणि सगळ्यात कामाचीही हीच असतात. लगेच पुस्तक आणायला उठलात तर सगळी मेहनत पाण्यात.

पाचवी पायरी: आता पुस्तक आणा. राहिलेलं आणि चुकलेलं लाल पेनने भरा. प्रभाकर, १८४१. खोडून पुन्हा निळ्याने लिहू नका, लालच राहू द्या. जे लाल आहे तेवढाच तुमचा उरलेला अभ्यास. निळं तुम्हाला येतं, ते पुन्हा पुन्हा वाचत बसायची गरज नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पूर्ण धडा चाळण्यापेक्षा फक्त लाल शब्द बघणं किती सोपं, ते करून बघितल्यावर कळेल.

सहावी पायरी: दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन तोच मॅप पुन्हा, न बघता. मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. कागद शेजारी ठेवले की लाल कमी होताना दिसतं. तिसऱ्या कागदावरही तोच शब्द लाल असेल तर तो एकटा पाठ करा.

मॅप भरत आला की आणखी एक गोष्ट करा, मुलं ती हमखास विसरतात. दोन लांबच्या फांद्यांमध्ये काही नातं आहे का बघा आणि तुटक रेषेने जोडा. आगरकर 'राजकीय' फांदीवर केसरीपाशी आहेत. पण टिळकांशी मतभेद झाल्यावर त्यांनी केसरी सोडलं आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढलं, ते बसतं 'समाजसुधारणा'वर. म्हणजे तुटक रेषा केसरीपासून सुधारकपर्यंत. त्या रेषेवर लिहा: आधी सामाजिक की आधी राजकीय? 'सकारण स्पष्ट करा' छापाच्या प्रश्नांची उत्तरं फांद्यांपेक्षा अशा रेषांवर जास्त सापडतात.

कुठे काढू नये

सगळीकडे माइंड मॅप काढायचा अट्टहास नको. राज्य मंडळाच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. तिथे दोन रकान्यांचा तक्ताच हवा; मॅपमध्ये तुलना विखुरते. विज्ञानातली एखादी प्रक्रिया टप्प्याटप्प्याने होत असेल तर ओघतक्ता काढा. गणिताला तर गणितंच सोडवावी लागतात, सूत्रांच्या फांद्या काढून काही होत नाही. कवितेच्या रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं या तीन फांद्या आधीच ठरलेल्या आहेत, तिथे मॅप दोन मिनिटांत होतो.

निबंधाचा मॅप

कुमारभारतीच्या, म्हणजे मराठी प्रथम भाषेच्या, ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखन २४ गुणांचं असतं आणि त्यात शेवटचं लेखनकौशल्य ८ गुणांचं: प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक, यांपैकी एक. (आराखडा बदलत असतो, तुमच्या वर्षाचा शाळेतून घ्या.) या प्रश्नात बऱ्याचदा एक आकृती दिलेली असते: मधे विषय, भोवती तीन-चार मुद्दे. म्हणजे अर्धा मॅप मंडळानेच काढून दिला. इथेच खरी गोम आहे. मुलं त्या चार मुद्द्यांवर चार परिच्छेद लिहितात आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक उत्तरपत्रिकेत तेच चार परिच्छेद असतात. दिलेल्या फांद्या सगळ्यांच्या सारख्या. तुमचं जे काही आहे ते उपफांद्यांवर. मॅप तिथे कामाला येतो.

समजा विषय आला: 'मी एसटी बोलतेय'. दिलेले मुद्दे: जन्म, प्रवासी, दुःख, अपेक्षा.

आधी दोन मिनिटं डोक्यात येईल ते कसंही लिहा. क्रम नको, निवड नको. १ जून १९४८. पुणे–अहमदनगर पहिली गाडी. लालपरी, काही जण लाल डबा म्हणतात. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. दोरी ओढली की वाजणारी घंटी. मुलींचा शाळेचा मोफत पास. बायकांना अर्धं तिकीट, २०२३ पासून. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. शहरात शिकणाऱ्या मुलासाठी आईने ड्रायव्हरकडे दिलेला डबा. रात्री गावात मुक्कामाला असणारी गाडी. वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणारी खासगी जीप. आंदोलनात फुटलेल्या काचा. फाटलेल्या सीट. पावसात गळणारं छत. इलेक्ट्रिक 'शिवाई', तीही १ जूनलाच, २०२२ मध्ये, त्याच पुणे–अहमदनगर रस्त्यावर.

हे सगळं चांगलं आहे आणि सगळं लिहिलं तर निबंध बिघडतो. आता कापाकापी. त्याआधी एक प्रश्न: ही एसटी कोणती? सगळ्या महाराष्ट्रातल्या सगळ्या गाड्या एकदम बोलू शकत नाहीत. एक गाडी निवडा. मी गावात मुक्कामाला असणारी जुनी गाडी निवडतो. ती मधे लिहायची: 'मी – मुक्कामी गाडी'. एवढं ठरलं की कापणं सोपं होतं. पास, अर्धं तिकीट, मोफत तिकीट हे तिन्ही लिहिले तर सरकारी जाहिरात होते. मुक्कामी गाडीला सकाळी शाळेच्या मुली असतात, तेव्हा पास ठेवला, बाकीचे दोन खोडले. वडाप 'दुःख' फांदीवर ठेवलं, कारण ते गावात येतं आणि हिचे प्रवासी पळवतं. आंदोलनातल्या फुटलेल्या काचा खोडल्या. खरं दुःख असलं तरी प्रत्येक मूल हेच लिहितं. गळणारं छत ठेवलं. डबा ठेवलाच.

१९४८ आणि २०२२ या दोन तारखा मी जोडून ठेवल्या. थोरली बहीण आणि धाकटी बहीण एकाच रस्त्यावरून निघाल्या, मधे ७४ वर्षं. 'जन्म' आणि 'अपेक्षा' या दोन फांद्यांना जोडणारी तुटक रेषा आयती मिळाली. निबंधात दोन आकडे पुरतात. पाच आकडे आले की तपासणाऱ्याला सामान्यज्ञानाची वही वाचल्यासारखं वाटतं.

मग अंक टाका. मॅप गोल असतो आणि निबंध सरळ रेषेत चालतो, म्हणून प्रत्येक फांदीवर १, २, ३ लिहिल्याशिवाय लेखन सुरू करायचंच नाही. दिलेला क्रम 'जन्म' पासून आहे, पण तो पाळायची सक्ती नाही. मुद्दे यायला हवेत, क्रम तुमचा. इथे मी 'प्रवासी'ला १ दिला, कारण पहाटे गाडी सुटते तिथून सुरुवात जिवंत होते. २ जन्म, ३ दुःख, ४ अपेक्षा.

फांदीतून परिच्छेद कसा होतो ते बघा. फांदी: 'प्रवासी'. उपफांद्या: पारापाशी रात्र, पहाट, पासवाल्या मुली, डबा. लेखन असं:

'रात्रभर मी पारापाशी उभी असते. गावातली कुत्री माझ्या चाकांपाशी झोपतात. कोंबडा आरवायच्या आधी ड्रायव्हरदादा काच पुसतो आणि मी खाकरून जागी होते. पहिल्या चढतात त्या शाळेच्या मुली. पास दाखवतात आणि खिडकीसाठी भांडतात. मग पदर सावरत एक माउली येते. तिला कुठे जायचं नसतं. कापडात बांधलेला डबा ती दादाच्या हातात देते, म्हणते, "स्टँडवर येईल बघा आमचा बाळू." त्या डब्याचं तिकीट कुणी फाडत नाही.'

चार उपफांद्या, साधारण तेवढीच छोटी दृश्यं. उपफांदीवर 'गरीब प्रवासी' किंवा 'सुख-दुःख' असे शब्द असते तर हे सुचलं नसतं. 'प्रवाशांची मी मनोभावे सेवा करते' असलं काहीतरी आलं असतं. म्हणून निबंधाच्या मॅपवर हाताला लागेल अशी वस्तू लिहा: डबा, दोरी, रुमाल. मोठे शब्द लिहिताना आपोआप येतात, त्यांच्यासाठी फांदी खर्च करू नका.

प्रसंगलेखनाला फांद्या वेगळ्या लागतात. तिथे आधी, ऐन वेळी, नंतर अशा तीन फांद्या, आणि प्रत्येकीवर काय दिसलं, काय ऐकू आलं. ऐन वेळची फांदी सगळ्यात जाड हवी. बहुतेक मुलं समारंभाला पोचेपर्यंतच निम्मी जागा संपवतात.

वैचारिक लेखनात फांद्या मतांच्या असतात. माझं म्हणणं, कारण, उदाहरण, समोरच्याचं म्हणणं, त्यावर उत्तर. 'मोबाइल: शाप की वरदान' यासारख्या घासून गुळगुळीत झालेल्या विषयात फायदे आणि तोटे अशा दोनच फांद्या काढल्या तर शेवट 'वापरावर अवलंबून आहे' असाच होतो. तिसरी फांदी काढा: कोणासाठी? बाजारभाव बघणारा शेतकरी, रात्री रील बघणारा नववीचा मुलगा, परदेशातल्या नातवाशी बोलणारी आजी. या फांदीपासून लिहायला सुरुवात केली तर शाप-वरदानाचा झोका घ्यावाच लागत नाही.

परीक्षेच्या खोलीत

८० गुणांना ३ तास, म्हणजे हिशेबाने ८ गुणांना १८ मिनिटं. निबंधाला जास्त लागतं, २५ धरा आणि तेवढी आधीच्या कृतींतून वाचवा. त्यातली ३ मिनिटं मॅपची. ३ मिनिटं वाया गेली असं वाटतं खरं, पण तिसऱ्या परिच्छेदापाशी पेन चावत बसण्यात त्याहून जास्त जातात.

मॅप उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर काढा, वर 'कच्चे काम' लिहा आणि निबंध झाल्यावर त्यावर तिरपी रेघ मारा. प्रश्नपत्रिकेवर काही लिहू नका. उत्तरात मॅप काढून दाखवायचा मोह होईल, तो टाळा. कृतिपत्रिकेच्या सूचनांमध्येच असतं की आकलन आणि व्याकरणातल्या आकृत्या काढाव्यात, पेनानेच काढाव्यात, आणि उपयोजित लेखनाला आकृतीची आवश्यकता नाही. निबंधाचा मॅप फक्त तुमच्यासाठी आहे. शब्द अर्धे, अक्षर वेडंवाकडं, शुद्धलेखन चुकलेलं, सगळं चालतं.

लिहिता लिहिता नवा मुद्दा सुचला तर तो आधी मॅपवर टाका, अंक द्या, मग ठरवा. थेट निबंधात घुसवलेला मुद्दा पुढच्या परिच्छेदाची जागा खातो. वेळ कमी पडला तर शेवटून दुसरी फांदी गाळा, शेवटची नाही. शेवट नसलेला निबंध लगेच लक्षात येतो, मधली एक फांदी गेलेली सहसा येत नाही.

सराव

रोज निबंध लिहायची गरज नाही. रोज एक विषय घ्या, घड्याळ लावा, ३ मिनिटांत मॅप काढा, अंक टाका, झालं. रविवारी त्यातला एक निवडून पूर्ण लिहा. पहिल्या आठवड्यात ३ मिनिटांत दोनच फांद्या होतील, होऊ द्या.

घरच्यांनी शुद्धलेखन तपासू नये. कागद हातात घ्यावा आणि एखाद्या उपफांदीवर बोट ठेवून विचारावं, 'हे काय?' मूल दोन-तीन वाक्यं सलग बोललं तर त्या फांदीत परिच्छेद आहे. 'म्हणजे ते... असंच' असं उत्तर आलं तर ती फांदी खोडायची.

सुरुवातीला हे विषय घ्या: शाळेतल्या फळ्याचे आत्मकथन, गावच्या आठवडी बाजारातली सकाळ, पहिल्या पावसात अडकलेली लोकल, ग्रंथालयं ओस का पडली, वाळत चाललेल्या विहिरीचे मनोगत. पहिल्या दिवशी फळा घ्या. मधे 'फळा' एवढंच लिहू नका, कोणत्या वर्गातला आणि कोणत्या भिंतीवरचा, तेही लिहा.